रोखे आलेच नाहीत: तीन जिल्हा बँका आणि आटलेलं पीककर्ज

देशाचा विकासदर आठ टक्के, नऊ टक्के असं पेपरात छापून आलं की आमच्या इकडं पारावर कोणीतरी हमखास विचारतेच, "हे आठ टक्के आपल्या गावात कोन्या रस्त्यानं येऊन राह्यले बा?" हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाही हा. धरणात पाणी आहे म्हणून शेत भिजत नाही, मधला पाट धड पाहिजे. विदर्भात हा पाट म्हणजे जिल्हा बँक होती आणि नागपूर, वर्धा, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो कसा फुटला, फुटल्यावर गावात नेमकं काय झालं, आणि सरकारनं ते भगदाड बुजवेपर्यंत कोणी काय मोजलं, एवढंच हे प्रकरण आहे. चर्चा नेहमी घोटाळ्याची होते, आकड्याची होते, कोण जेलात गेलं याची होते. मला त्यात कमी इंटरेस्ट आहे. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत पेरणीचा पैसा कुठून आला, हे जास्त महत्त्वाचं वाटते.

आधी रचना सांगतो, कारण आजच्या पोरांना सोसायटी म्हटलं की फ्लॅटची सोसायटी वाटते. गावात विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी, तिच्या वर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक, तिच्या वर मुंबईत राज्य सहकारी बँक, आणि सगळ्यात वर नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेचं पुनर्वित्त, म्हणजे खाली कर्ज वाटायला वरून मिळणारा पैसा. शेतकऱ्याचा संबंध गटसचिवाशी, म्हणजे सोसायटीचा कारभार पाहणाऱ्या माणसाशी. सात-बारा, आठ-अ दिला, एकरामागं ठरलेली रक्कम धरून मंजुरी आली की जूनच्या तोंडावर पैसे हातात. बँकेकडं हा पैसा यायचा कुठून, तर जिल्हा परिषदेच्या मास्तरांचे पगार तिथं, रिटायर झाल्यावरची पुंजी तिथं, ग्रामपंचायतीचा फंड तिथं, किराणावाल्याची मुदत ठेव तिथं. म्हणजे जिल्ह्यातलाच पैसा जिल्ह्यातच फिरत होता, ठेवणाराही ओळखीचा आणि घेणाराही.

वसुलीचीही एक सोय होती जी लोक विसरून गेले. १९७१ च्या कायद्यानं राज्यात कापूस एकाधिकार खरेदी आली, १९७२-७३ च्या हंगामापासून सगळा कापूस सरकारी खरेदीतच द्यायचा असा नियम, आणि चुकाऱ्यातूनच, म्हणजे कापसाच्या मिळायच्या पैशातूनच, सोसायटीचं कर्ज कापून घ्यायचे. शेतकऱ्याला ते आवडायचं असं नाही, चुकारे उशिरा यायचे, हप्त्याहप्त्यानं यायचे, म्हणून सीमेवरचे लोक रात्री गाड्या भरून आदिलाबादकडं नाहीतर मध्य प्रदेशात कापूस न्यायचे आणि योजना स्वतः तोट्यात रुतत गेली ती वेगळी गोष्ट. पण बँकेच्या बाजूनं पाह्यलं तर कर्ज ज्या पिकावर दिलं तेच पीक वसुलीच्या दारातून जात होतं. वसुलीसाठी कोणाच्या घरी जायचं काम नव्हतं.

आता २००२ हे साल बघा. याच साली तीन गोष्टी झाल्या आणि तिन्हींचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, निदान करणाऱ्यांच्या डोक्यात तरी नव्हता. एकाधिकार सैल झाला, खासगी व्यापाऱ्यांना कापूस घ्यायची मोकळीक मिळाली. शेतकऱ्यासाठी चांगलं, पण चुकाऱ्यातून कापून घ्यायची वाट बंद, आणि तिच्या जागी दुसरी वाट कोणी केली नाही. त्याच साली बीटी कापसाला परवानगी आली. पहिल्या काही वर्षांत ४५० ग्रॅमच्या थैलीचे सोळाशेच्या वर पडायचे, पुढं २००६ मध्ये आंध्र सरकार बियाणं कंपनीशी भांडलं तेव्हा तो भाव साडेसातशेवर आला. म्हणजे पेरणीच्या आधीच रोख पैशाची गरज एकदम वाढली, घरचं बियाणं टोबून भागवायचे दिवस गेले. आणि तिसरी गोष्ट, जिल्हा बँकेचे रोखे.

हे रोख्यांचं प्रकरण थोडं सावकाश समजून घ्यावं लागते. कोणतीही बँक सगळ्या ठेवी कर्जात वाटत नाही, काही भाग सुरक्षित जागी ठेवावाच लागतो, आणि सरकारी रोख्यांपेक्षा, म्हणजे सरकारनं घेतलेल्या कर्जाच्या कागदांपेक्षा, सुरक्षित जागा कोणती? सरकारच देणेकरी, बुडायचा प्रश्नच नाही. नागपूर जिल्हा बँकेनं असेच सरकारी रोखे घ्यायला सव्वाशे कोटींच्या आसपास रक्कम पाच खासगी कंपन्यांना दिली, त्यातली होम ट्रेड सगळ्यात गाजलेली (सचिन, शाहरुख, हृतिक तिघंही तिच्या जाहिरातीत होते, आठवत असेल). कागदावर खरेदी झाली. पैसे गेले. रोखे बँकेकडं आलेच नाहीत. वर्ध्याच्या जिल्हा बँकेचे पैसेही होम ट्रेडमध्येच अडकले, आणि मराठवाड्यात उस्मानाबादचेही.

म्हणजे इथं वाईट कर्ज दिलं नव्हतं. कोणत्याही शेतकऱ्यानं काही बुडवलं नव्हतं. सगळ्यात सुरक्षित म्हणून जी वस्तू घ्यायची तीच वस्तू ताब्यात न घेता तिचे पैसे मोजले गेले. सरकार बुडवत नाही हे खरं, पण मधला दलाल बुडवू शकते. एका हातानं पैसे द्यायचे आणि त्याच घडीला दुसऱ्या हातानं रोखा खात्यात जमा करून घ्यायचा, ही साधी शिस्त मोडली की "सुरक्षित गुंतवणूक" नुसती शब्दापुरती राहते. बैलजोडी घेणारा माणूससुद्धा दावं हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देत नाही, आणि इथं तर संचालक मंडळ होतं, लेखापरीक्षक होते, सहकार खातं होतं, नाबार्डची तपासणी होती. तरी कोणी अडवलं नाही. कारण काय, तर सहकारी बँकेवर दोघांची हुकमत होती, कारभार आणि संचालक मंडळ राज्याच्या सहकार खात्याकडं, बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडं. दोन मालक असलेल्या शेताची राखण कोण करते? एकच वर्ष आधी, २००१ ला, अहमदाबादची माधवपुरा सहकारी बँक केतन पारेख या शेअरदलालाच्या शेअरबाजारातल्या व्यवहारांत बुडाली होती, तिथून धडा घ्यायला वेळ होता, कोणी घेतला नाही.

नागपूरच्या खटल्याचा निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. बँकेचे त्यावेळचे अध्यक्ष सुनील केदार यांच्यासह सहा जणांना पाच वर्षांची शिक्षा झाली, काही जण सुटले, अपील सत्र न्यायालयात गेलं. २००२ चा गुन्हा, २०२३ चा निकाल. मधल्या एकवीस वर्षांत ज्यानं ठेव ठेवली होती तो म्हातारा झाला.

बुलढाण्याची कथा मात्र वेगळी आहे, ती याच पोत्यात घालू नये. तिथं मोठ्या सहकारी संस्थांना दिलेली कर्जं अडकली, कारखाने, सूतगिरण्या या लायनीतली. वसूल करणारे आणि थकवणारे एकाच मांडवात जेवणारे असले की काय होते ते सांगायला नको.

पण बँक २००२ ला बंद पडली नाही, आणि खरं दुखणं इथंच आहे. पाटी लागलेली, शाखा उघडी, कॅशियर खिडकीत, आणि आतून पोकळ. अशी बँक दहा वर्षं चालू शकते, कारण ठेवीदार सगळे एकाच दिवशी येत नाहीत. त्या काळात देश जोरात पळत होता, २००३ ते २००८ हा तर आपल्या वाढीचा सोन्याचा काळ म्हणतात, आणि त्याच काळात, २००६ च्या जुलैत, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा. वर्धा आणि बुलढाणा दोन्ही त्यात. मग २००८ ची कर्जमाफी. दोन हेक्टरपर्यंत पूर्ण माफी, वरच्याला पाव भाग सूट आणि तीही बाकीची रक्कम भरली तर. कोरडवाहू विदर्भात सात-आठ एकरवाला काही बागायतदार नसते, पण तो बाहेर राह्यला, यावर तेव्हाच बोंब झाली होती.

कर्जमाफीबद्दल माझं मत असं, आणि ते गावात कोणाला आवडत नाही, की माफीचा पैसा बँकेच्या वहीत येते, शेतकऱ्याच्या घरात नाही. त्याला मिळते ती पुन्हा कर्ज मागायची पात्रता. आता कर्ज देणारी बँकच आजारी असेल तर त्या पात्रतेचं करायचं काय? कोरा सात-बारा घेऊन सोसायटीत गेलं आणि सोसायटीकडं वरून पैसाच आला नाही, तर माफी होऊनही माणूस सावकाराच्याच ओट्यावर.

आता २०१२. रिझर्व्ह बँकेनं ठरवलं होतं की लायसन्स नसलेल्या सहकारी बँका चालू द्यायच्या नाहीत, आणि लायसन्ससाठी किमान चार टक्के भांडवल पाहिजे, म्हणजे ढोबळ हिशेबानं शंभर रुपयांच्या जोखमीमागं बँकेचे स्वतःचे चार रुपये. ही काही मोठी अट नाही. तरी राज्यातल्या सहा जिल्हा बँका त्यात बसल्या नाहीत आणि त्यांना नव्या ठेवी घ्यायला बंदी आली. राज्य सरकारनं पैसा घालून त्यातल्या तीन उभ्या केल्या. राह्यल्या त्या नागपूर, वर्धा, बुलढाणा. तिन्ही विदर्भातल्या. हा योगायोग म्हणायचा का अनुशेषाचाच, म्हणजे विदर्भाच्या विकासातल्या मागं पडलेल्या वाट्याचाच, एक प्रकार, ज्यानं त्यानं ठरवावं, मी माझं ठरवलेलं आहे.

बंदी आल्यावर काय होते ते पायरीपायरीनं पाह्यलं पाहिजे. नवी ठेव येणं बंद झालं की जुना ठेवीदार घाबरते, तो काढायला येते. काढायला रांग लागली की बँक रोज थोडे थोडे देते. पगाराची खाती दुसरीकडं हलतात, म्हणजे महिन्याला ठरलेला येणारा पैसाही गेला. लायसन्स नाही, भांडवल नाही, म्हणून वरून पुनर्वित्त अडते. मग खरिपाचं वाटप कशातून करणार? सोसायटीकडं वसुलीचे आले तर तेवढेच. आणि इथं एक भलतीच गंमत होते, ज्यानं इमानदारीनं मुदतीत भरलं त्याचा पैसा बँकेत गेला आणि तिथंच अडकला, त्याला नवं कर्ज मिळालं नाही, आणि ज्यानं भरलंच नाही त्याचे पैसे निदान त्याच्या हातात राह्यले. पुढच्या वर्षी कोण भरणार? फेडायची सवय भाषणानं लागत नाही न मोडतही नाही, ती असल्या हिशेबानं मोडते.

एरवी गावात नवं-जुनं चालते हे सगळ्यांना माहीत आहे. मुदत संपायच्या आत चार दिवसांसाठी कुठून तरी उचलायचे, सोसायटीत भरायचे, लगेच नवं कर्ज उचलून ते परत करायचे, कागद नवा होते, व्याजाची सवलत वाचते. बँक चालू असली तर हे खपून जाते. बँकेचं वाटप बंद झालं त्या वर्षी ज्यानं चार दिवसांसाठी म्हणून तीन टक्के महिन्यानं उचलले त्याचे चार दिवस वर्षावर गेले. हिशेब करून बघा, ५०,००० रुपये तीन टक्के महिन्यानं आठ महिने म्हणजे १२,००० व्याज. तेच सोसायटीचं सात टक्क्यांनी आठ महिन्यांचं २,३०० च्या आसपास, आणि वेळेवर भरलं तर तेव्हाही केंद्राच्या सवलतीनं चार टक्केच पडायचं. म्हणजे एका हंगामात दहा हजारांचा फरक, न पिकात काही दिसणारा, न पंचनाम्यात येणारा. दीडीनं, म्हणजे एक पोतं घेऊन दीड फेडायच्या बोलीनं, धान्य घेतलं असेल तर तो हिशेब अजून वेगळा.

मग लोकांना सांगितलं राष्ट्रीयीकृत बँकेत जा. बरोबर आहे सांगणं, पण तालुक्याच्या शाखेत माणसं तीन-चार, गावं दत्तक दिलेली वीस-पंचवीस, आणि पहिला कागद कोणता मागणार, तर नो ड्यूज, म्हणजे कुठलं कर्ज थकीत नाही असा दाखला. सोसायटीचं थकीत असेल तर नो ड्यूज मिळत नाही, आणि थकलं काऊन तर सोसायटीच बंद. ज्याचा सातबारा बापाच्या नावावर आणि वाटणी तोंडी, तो तर दारातूनच परत. सोसायटीत गटसचिवाला माहीत असायचं की अमुक शेत कसते कोण, ते ज्ञान कोणत्याही फॉर्मात नव्हतं. हे नुकसान कोणी मोजलं नाही, मोजताही येत नाही. राह्यलेल्यांनी कृषी केंद्रात उधारी केली, बियाणं-खत-औषध तिथून, आणि कापूस निघाला की तिथंच घालायचा, भाव तो सांगेल तो. कर्ज, निविष्ठा आणि विक्री एकाच माणसाकडं गेली की शेतकऱ्याकडं घासाघीस करायला काही उरत नाही.

आणि वर्षं कोणती होती तर २०१३ ला जुलै-ऑगस्टात अतिवृष्टी, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट, त्याच साली पुढं पावसाची दडी. असल्या साली शासन कर्जाचं पुनर्गठन जाहीर करते, पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, पन्नासच्या खाली आली की थकीत कर्जाचे हप्ते पाडून नवं कर्ज द्यायचं. पण पुनर्गठन करायला चालती बँक लागते न! सावकार पुनर्गठन करत नाही, तो कागद बदलून घेते. थोडक्यात ज्या वर्षी बँकेची सगळ्यात जास्त गरज होती त्याच वर्षी तिचं वाटप बंद होतं.

हे फक्त आपल्याकडंच होते असं नाही. १९९७ च्या आशियाई संकटात इंडोनेशियानं १ नोव्हेंबरला एका दमात १६ बँका बंद केल्या, वाटलं होतं रोगी बँका काढल्या की बाकीच्यांवर विश्वास बसेल, झालं उलटं, लोक चांगल्या बँकांतूनही पैसे काढायला धावले आणि जानेवारीत सरकारला सगळ्या ठेवींची हमी घ्यावी लागली. तिथला घोळ एवढाच की बंद करताना उरलेल्यांचं काय ते लोकांना पटेल असं सांगितलं नाही. आपल्याकडं तर बंदही केलं नाही न चालूही ठेवलं नाही, दोन वर्षांवर लटकवून ठेवलं. ठेव विम्याचं म्हणाल तर तेव्हा हद्द एक लाखाची होती, १९९३ पासूनची, आणि तोही पैसा बँक पूर्ण गुंडाळली तरच मिळायचा. बँक मेली नाही म्हणून विमा नाही, जिवंत नाही म्हणून पैसा नाही.

शेवटी नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्रानं चार राज्यांतल्या अशा २३ बँकांसाठी योजना मंजूर केली, एकूण २,३७५ कोटी, त्यात सगळ्यात मोठा वाटा राज्यांचा, मग केंद्राचा, थोडा नाबार्डचा. २३ पैकी १६ बँका उत्तर प्रदेशच्या, महाराष्ट्राच्या याच तीन. वाईट योजना नव्हती, भांडवल आलं, पुढं बँका रांगेला लागल्या. फक्त वेळ बघा. ठेवींवरची बंदी ते योजना यात २०१२, २०१३, २०१४ असे तीन खरीप गेले. आणि जरा सावरते न सावरते तोच नोटाबंदी, १४ नोव्हेंबर २०१६ ला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायलाच मनाई झाली, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत.

या सगळ्यात जी जागा रिकामी झाली ती रिकामी थोडीच राहते. तिथं आल्या मायक्रोफायनान्सवाल्या, बायांचे गट करून, आधार कार्डावर, घरी येऊन, सात-बारा न मागता. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे, मी पूर्ण घालणार नाही, कारण जिथं बँकेचा माणूस दहा वर्षं फिरकला नाही तिथं ते दर आठवड्याला येतात. पण कोरडवाहू कापसाचा पैसा येते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत आणि हप्ता येते दर आठवड्याला नाहीतर पंधरवड्याला, जून ते ऑक्टोबर घरात येणं शून्य. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केला की वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत. नियम चांगला, पण महिन्याचं उत्पन्न काढतात वर्षाचं बाराने भागून. ऑगस्टमध्ये त्या भागाकाराला काय चाटायचं? मग एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज. एका बाईला तीनपेक्षा जास्त संस्थांनी देऊ नये असं या संस्थांच्या संघटनेनंच २०२५ पासून ठरवलं, म्हणजे आधी काय चालू होतं ते समजून घ्या. २०१० मध्ये आंध्रात हेच टोकाला गेलं होतं आणि सरकारला अध्यादेश काढावा लागला होता.

म्हणून "शेतकऱ्यांनी बुडवलं म्हणून जिल्हा बँका बुडाल्या" हे जे सर्रास बोललं जाते ते निदान या तीन बँकांपुरतं अर्धंही खरं नाही. थकबाकी होती, नाही कोण म्हणते. पण वसुलीची वाट सरकारनं बदलली, सुरक्षित पैसा दलालांनी खाल्ला, मोठी कर्जं मोठ्यांनी थकवली, आणि या सगळ्यानंतर जो फेडत होता त्याचंच कर्ज बंद केलं.

आता काय बदललं तेही सांगायला पाहिजे. रोखे कागदावर ठेवायचा प्रकार संपला, आता इलेक्ट्रॉनिक खात्यातच असतात. २०२० ला बँकिंग कायदा बदलला आणि एप्रिल २०२१ पासून जिल्हा बँकांवर रिझर्व्ह बँकेचा हात बराच बळकट झाला. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख, आणि २०२१ च्या दुरुस्तीनं बँकेवर पैसे काढायचे निर्बंध आले तर ९० दिवसांत तेवढी रक्कम मिळायची सोय आहे, बँक मरायची वाट पाहावी लागत नाही. पीककर्ज तीन लाखांपर्यंत वेळेवर फेडलं तर केंद्र आणि राज्याची सवलत मिळून बिनव्याजी पडते, फक्त "वेळेवर" हा शब्द लक्षात ठेवा. पण बँकिंगच्या या कायद्यात गावची सोसायटी येत नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी काचेच्या दारामागं बसलेली पतसंस्थाही येत नाही. तिथल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचा पाच लाखांचा विमा लागू नाही, मग व्याज एक-दोन टक्के जास्त का असेना. पावतीवर "बँक" लिहिलं आहे का "पतसंस्था" ते ठेव करायच्या आधी वाचायचं, नंतर नाही.